सात रात्रींचं बिल कुठंय?

प्रश्न : ताई, आम्ही २०१४ साली टाइमशेअरची २५ वर्षांची मेंबरशिप घेतली. म्हणजे ठोक पैसे भरून वर्षाला रिसॉर्टमध्ये सात रात्री राहायला मिळतात, देखभालीचा मेंटेनन्स दरवर्षी वेगळा. यंदाचा मेंटेनन्स २३,४०० रुपये भरला. या वेळी गोव्याचा आमचा आठवडा एक्स्चेंजला (रिसॉर्टच्या आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीकडे) टाकून फुकेतला सात रात्री मिळवल्या. एक्स्चेंजची फी १७,००० रुपये झाली. मुंबईहून चौघांची विमानाची तिकिटं १ लाख १२ हजारांची आहेत, रद्द केली तर पैसे परत नाहीत. सासूबाई ७६ वर्षांच्या, बीपी आणि डायबेटिस. त्या येणार नाहीत, सिडकोत नणंदेकडे राहतील. त्यांचं काही दुखलंखुपलं आणि जाणं रद्द झालं तर ट्रॅव्हल इन्शुरन्समधून पैसे मिळतील का? फॉर्ममध्ये 'ट्रिपची किंमत' विचारलीय. फुकेतच्या त्या रिसॉर्टचं सात रात्रींचं भाडं नेटवर दीड लाख दिसतं, ते लिहू का? न्यू जर्सीचे दीर म्हणतात की मेंटेनन्ससुद्धा भरून मिळतो. एजंट म्हणतो, सगळं कव्हर होतं.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : 'सगळं' या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. विमा कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर मी ३१ वर्षं काढली. 'सगळं कव्हर होतं' असं ऐकून पॉलिसी घेतलेली माणसं शेवटी माझ्यासमोर येऊन बसायची आणि त्या 'सगळं'मध्ये काय काय नव्हतं हे सांगायचं काम माझ्याकडे असायचं. तेव्हा एजंटाला जरा बाजूला बसवू आणि तुमचे आकडे एकेक करून घेऊ.

दीड लाख आधी खोडा. ते तुम्ही कुणाला दिलेलेच नाहीत. विमा नुकसान भरून देतो, आणि नुकसान म्हणजे या एका ट्रिपसाठी तुमच्या खिशातून गेलेला आणि परत न येणारा पैसा. हॉटेलात उतरणाऱ्याचं सोपं असतं. त्याच्याकडे बिल असतं, आणि रद्द केल्यावर हॉटेलनं किती कापले त्याचा मेलही असतो. टाइमशेअरवाल्याकडे त्या आठवड्याचं बिलच नसतं, कारण तो आठवडा त्यानं काही वर्षांपूर्वी ठोक भावात घेऊन ठेवलेला असतो.

मेंबरशिपची रक्कमही त्याच कारणानं बाद. मेंटेनन्सबद्दल मात्र लोक हटकून भांडतात. तुम्ही फुकेतला गेलात, गोव्याला गेलात किंवा सुट्टीभर घरी बसून मिसळ खाल्लीत, तरी २३,४०० भरायचेच आहेत. ट्रिप रद्द झाल्यामुळे ते बुडाले असं म्हणता येत नाही. मी टेबलाच्या त्या बाजूला असते तर मीही हेच लिहून फाइल पुढे सरकवली असती. दीर खोटं बोलत नाहीत. अमेरिकेत टाइमशेअरवाल्यांची संख्या मोठी, त्यामुळे तिथल्या काही पॉलिसींत त्यांच्यासाठी वेगळी कलमं असतात. कुठे एक्स्चेंज फी धरतात, कुठे त्या आठवड्यापुरता मेंटेनन्ससुद्धा. पण तुमची पॉलिसी इथली आहे आणि क्लेम इथल्या कागदावर ठरणार.

राहिली एक्स्चेंजची फी. ती खरोखर या ट्रिपसाठीच भरलेली आहे, पावतीवर तुमचं नाव आणि तारीख आहे. ती 'आगाऊ भरलेल्या राहण्याच्या खर्चात' धरता का, एवढा एकच प्रश्न विमा कंपनीला ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या 'हो मॅडम'ला काही किंमत नाही. उत्तर हो आलं तर तुमच्या ट्रिपची किंमत १ लाख २९ हजार, नाही आलं तर १ लाख १२ हजार. त्यातही ट्रिप रद्द होण्याच्या भरपाईची कमाल मर्यादा पॉलिसीच्या तक्त्यात डॉलरमध्ये दिलेली असते आणि ती तुमच्या खर्चापेक्षा कमी असू शकते. मुखपृष्ठावर ठळक छापलेला ५० हजार किंवा १ लाख डॉलरचा आकडा दवाखान्याचा असतो, त्याला भुलू नका.

आता माझी फजिती सांगते. २०१६ मध्ये आम्ही दोघं आमच्या टाइमशेअरवर कूर्गला निघालो होतो. चार दिवस आधी सोमेश्वरच्या धबधब्यावर यांचा पाय घसरला आणि घोटा मोडला. विमा होता. फॉर्म भरताना मी, क्लेमच्या टेबलावर केस पांढरे केलेली बाई, ऐटीत 'ट्रिपची किंमत ६०,०००' लिहून मोकळी झाले होते, खोलीचं भाडं नेटवर बघून, अगदी तुमच्यासारखंच. क्लेम टाकल्यावर समोरच्या मुलानं नम्रपणे विचारलं, "मॅडम, सात रात्रींचं बिल कुठंय?" वर रिसॉर्ट कंपनीनं सातांपैकी पाच रात्री माझ्या खात्यात परत जमा केल्या होत्या. परत आलेल्या रात्रींचं नुकसान कसलं? विमानाचे पैसे तेवढे मिळाले. मुलगा बरोबर होता, त्याचाच जास्त राग आला.

म्हणून तुम्ही आजच एक्स्चेंजच्या अटी काढा. अमुक दिवस आधी रद्द केलं तर आठवडा परत मिळतो की बुडतो, हे तिथं लिहिलेलं असतं. जास्तीचे पैसे घेऊन 'रद्द केल्यास आठवडा परत' अशी सोयही काही एक्स्चेंज कंपन्या देतात. तो विमा नव्हे, त्यात दवाखाना नाही, सामान नाही, तिकीट नाही. पण विमा कंपनी जी गोष्ट भरून देत नाही, म्हणजे तुमचा आठवडा, नेमकी तीच गोष्ट ही सोय वाचवते. सासूबाईंची तब्येत बघता मी ती घेतली असती.

सासूबाईंचं काय, हा खरा प्रश्न. ट्रिप रद्द करण्याची कारणं पॉलिसीत मोजून दिलेली असतात आणि बरोबर न येणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू हे त्यांत बहुधा असतं. पण 'जवळचे नातेवाईक' म्हणजे कोण, ते व्याख्येच्या पानावर बघा. सासू-सासरे कुठे धरतात, कुठे नाही. पॉलिसी तुमच्या यजमानांच्या नावावर असेल तर त्या आई म्हणून येतात; तुमच्या तिकिटाचं काय, हे मात्र विचारून घ्या. दुसरं, आधीपासूनचे आजार. साखर एकदम वाढून ॲडमिट केलं, तर 'हा जुना आजार' म्हणून बोट ठेवलं जाण्याची शक्यता मोठी आहे. पडून खुब्याचं हाड मोडलं तर तसं म्हणता येणार नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'नातेवाइकानं जवळ थांबणं गरजेचं' हे वाक्य हवंच. ते नसल्यामुळे अडकलेले क्लेम मी कितीतरी पाहिलेत.

पॉलिसी तिकिटं काढली त्याच आठवड्यात घ्यायला हवी होती. अजून घेतली नसेल तर उद्या घ्या. दवाखान्याचं संरक्षण निघायच्या दिवसापासून सुरू होतं, पण ट्रिप रद्द होण्याचं पॉलिसी निघाल्यापासून. सासूबाई ॲडमिट झाल्यावर पॉलिसी काढून उपयोग नाही.

इतकं सगळं लिहून एक सांगते : तुमच्या चौघांसाठी पॉलिसीतला सगळ्यांत मोलाचा भाग रद्द होण्याचा नाहीच, दवाखान्याचा आहे. तुमची इथली मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही. टाइमशेअरवाल्यांना 'राहणं तर फुकट' या आनंदात विमा जड वाटतो आणि मग सगळ्यांत स्वस्त पॉलिसी उचलली जाते. बऱ्याच पॉलिसींत खर्चाचे पहिले १०० डॉलर आपल्या खिशातून जातात, तेही बघा. आणि फुकेतला मुलं भाड्याची स्कूटर मागतील. तिथं दुचाकीचं वैध लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट नसताना चालवली आणि पडली, तर विमा कंपनी हात वर करणार. स्कूबा आणि पॅरासेलिंग पॉलिसीत आहे का, की त्याला वेगळे पैसे, हेही आधी. बिअर पिऊन पाण्यात उतरायचं असेल तर मला विचारूच नका.

जाता जाता, विमानतळावर कसे जाणार? पावसाळ्यात 'पंचवटी'नं निघालात आणि कसारा घाटात दरड येऊन गाडी अडकली, तर 'मिस्ड कनेक्शन'मधून भरपाई मिळेल असं समजू नका. त्या कलमात बहुधा पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे पुढचं चुकणं अभिप्रेत असतं. घर ते विमानतळ हा टप्पा पॉलिसीत स्वतंत्र लिहिलेला असेल तरच धरतात. आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम करणं स्वस्त पडेल.

प्रश्न : यंदा आमचा आठवडा मी भाचीला तिच्या लग्नाची भेट म्हणून दिला. गेस्ट सर्टिफिकेटचे (मेंबरच्या जागी पाहुण्याला राहू देण्याच्या पत्राचे) पैसे मी भरले. विमा माझ्या नावानं काढू की तिच्या?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : तिच्या आणि जावईबापूंच्या. जो प्रवास करतो त्याचीच पॉलिसी. मात्र अडचण अशी की राहण्याचा खर्च तिनं केलेलाच नाही, म्हणून रद्द झाल्यास तिला फक्त तिच्या तिकिटांचे मिळतील. सर्टिफिकेटचे पैसे तुम्ही भरलेत आणि तुम्ही प्रवासी नाही, तेव्हा ते कोणाच्याच क्लेममध्ये बसणार नाहीत. ते आहेरात धरा.

युरोपला चालली असेल तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं. तेवढं तिच्या कानावर घाला.

प्रश्न : आम्ही टाइमशेअरवर फक्त महाबळेश्वर, गोवा असंच फिरतो, कधी स्वतःच्या गाडीनं, कधी रेल्वेनं. आम्हाला ट्रॅव्हल इन्शुरन्सची गरज आहे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : घरच्या गाडीनं जात असाल तर मी पैसे घालणार नाही. तुमची मेडिक्लेम महाबळेश्वरलाही चालते. रिसॉर्टजवळचं कॅशलेस हॉस्पिटल कोणतं, ते निघण्याआधी बघून ठेवा. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना ४५ पैशांच्या विम्याच्या चौकोनात खूण करा, पण तो फक्त रेल्वे अपघाताचा आहे, मृत्यूला १० लाखांपर्यंत. पोट बिघडून ट्रिप रद्द झाली तर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची पाच एकर द्राक्षबाग आहे. माल उतरवायच्या आधीच आठ दिवस मुलांना केरळला न्यायचं ठरवलं होतं. टाइमशेअरच्या सहा रात्री, विमानाची तिकिटं, प्रवासाचा विमा, सगळं केलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी गारपीट झाली. बाग सोडून कसं जाणार? ट्रिप रद्द केली. विमा कंपनीनं क्लेम नाकारला, रिसॉर्टनं रात्री कापल्या. तक्रार कुठे करू?
— एक वाचक, निफाड

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझं माहेर पिंपळगावकडचं, मणी तडकलेला घड हातात घेऊन उभा राहिलेला बाप मी पाहिलाय.

तरीही विमा कंपनीचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तुमच्या पॉलिसीच्या झेरॉक्समध्ये रद्द करण्याची कारणं दिलीत : आजार, अपघात, मृत्यू आणि 'राहत्या घराचं' आग किंवा पुरानं नुकसान. बाग हे राहतं घर नाही. तुमचं घर बागेतच आहे, पण पत्रे शाबूत आहेत असं तुम्हीच लिहिलंय. लढायचंच असेल तर रस्ता सांगते : आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. नाशिक जिल्ह्यासाठी ते पुण्यात बसतात, फी नाही, वकील नको, कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायचं. पण या कारणासाठी मी तुम्हाला पुण्याला पाठवणार नाही.

रिसॉर्टचं वेगळं आहे. तिथं करार तुमचा आणि त्यांचा आहे, विमा कंपनीचा संबंध नाही. मेंबरशिपच्या अटींत उशिरा रद्द केल्यावर किती रात्री कापायच्या हे लिहिलेलं असेल. सहाच्या सहा कापायचं लिहिलेलं नसताना कापल्या असतील, तर आधी लेखी मागा आणि नाही दिल्या तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, दोन वर्षांच्या आत. लिहिलेलं असेल तरी तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडून विनंतीचं पत्र टाका. मेंबर टिकवायचा असतो त्यांना, कधी कधी ऐकतात.

आणि केरळपेक्षा मोठा पैसा दुसरीकडे आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंबिया बहाराच्या हंगामासाठी द्राक्षाचा समावेश आहे, गारपिटीचं संरक्षण त्यात जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. तुम्ही ते घेतलं होतं का, पत्रात काहीच नाही. घेतलं असेल तर गारपिटीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. ती दिली होती का, तेवढं आधी कळवा.