रेवाच्या प्रश्नाला उत्तर : अडुळशाचा काढा आणि खोकल्याचं सिरप

श्टुटगार्ट

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू जे विचारलंस ते दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. पुण्यात पावसाने तुला खोकला धरला आणि आजी सोसायटीच्या कुंपणाचा अडुळसा तोडून आणून काढा देते. इथे जर्मनीत खोकला झाला की आपण अपोथेकेतून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, सिरप आणतो. तुझा प्रश्न होता, "बाबा, यातलं खरं औषध कुठलं? आणि झाडपाला उकळून प्यायची ही पद्धत फक्त आपल्या मराठी लोकांचीच का?"

आधी सिरपचं सांगतो. त्यात अँब्रॉक्सॉल हे औषध असतं. ते आलं ब्रोमहेक्सिन या आधीच्या औषधापासून, आणि ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं ते अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर. हे काम १९६०च्या दशकात जर्मनीतल्याच बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीने केलं. म्हणजे तू इथे चमच्याने घेतेस ते सिरप आणि आजीचा काढा एकाच कुळातले. दोन्हींचं काम घट्ट कफ सैल करून बाहेर काढायचं. म्हणून दोन्ही एकाच वेळी घेऊ नकोस.

फरक मापात आहे. सिरपच्या चमच्यात किती मिलिग्रॅम ते बाटलीवर छापलेलं असतं. पानात किती, हे पान कोवळं की जून, झाड उन्हातलं की सावलीतलं, यावर ठरतं. त्यामुळे काढ्यात कृती नीट सांभाळावी लागते.

आजीची रीत बघ. मध्यम आकाराची, जून झालेली पण पिवळी न पडलेली पाच पानं. आधी वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवायची, कारण रस्त्याची धूळ असते आणि सोसायटीचा माळी कुंपणावर कीटकनाशक फवारतो. फवारणी झाली असेल तर निदान दोन आठवडे त्या झाडाला हात लावायचा नाही. पानं हाताने फाडून दोन कप पाण्यात घालायची, मंद आचेवर, झाकण न ठेवता, अर्धा कप उरेपर्यंत. चौथाई उरवायचा हा नियम जुना आहे. आयुर्वेदात मऊ द्रव्याला वजनाच्या चौपट, मध्यमला आठपट आणि कठीण मुळी-सालीला सोळापट पाणी सांगितलंय. घरी पानांना पाणी त्याहून जास्तच घेतात.

चुकतं कुठे? आच मोठी ठेवली की पाणी भराभर आटतं आणि पानातलं उतरायच्या आत काढा तयार दिसतो. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नये, स्टीलचं घ्यावं. श्रावणाच्या दमट हवेत रात्रीचा काढा सकाळी आंबूस होतो, तो ओतून द्यायचा. पानं वाढवली म्हणजे गुण वाढत नाही, मळमळ वाढते आणि उलटीही होते. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर. आणि काकूला दिवस गेलेत, तिने हा काढा घोटभरही घेऊ नये. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं.

काढ्याऐवजी रस हवा असेल तर नुसती पानं कुटून काही हाती लागत नाही. अडुळशाचं पान चिवट, रस सोडत नाही. पानं वाफवून किंवा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर शेकायची आणि गरम असतानाच फडक्यातून पिळायची. मग हिरवा, कडूजहर रस येतो. ही कृती मला फार मोलाची वाटते, कारण ज्याने ती पहिल्यांदा केली त्याने त्या पानाचा स्वभाव ओळखला होता.

पण सगळीच पानं उकळायची नसतात, आणि इथेच घरोघरी गफलत होते. तुळस, गवती चहा, ओवा, पुदिना यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. ती दहा मिनिटं खळखळ उकळली की सगळा सुवास स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात उरतं रंगीत पाणी. ती उकळत्या पाण्यात घालून गॅस बंद करायचा, वर ताटली झाकायची, दहा मिनिटं थांबायचं आणि ताटलीखाली जमलेले थेंबही कपात निथळू द्यायचे. इथल्या आजीबाई थाइम या सुवासिक पाल्याचा चहा नेमका असाच करतात. थाइममध्ये थायमॉल हे द्रव्य असतं आणि आपल्या ओव्याच्या तेलातही मोठा वाटा त्याचाच. तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी सर्दीत हुंगायला आपल्याकडे देतात ती त्यासाठीच. फक्त ती आधी आपल्या मनगटाला लावून बघायची, तान्ह्या बाळाच्या अंगाला तर सहज चटका बसतो.

उकळणं आणि न उकळणं यात किती अंतर असतं ते चीनमध्ये दिसलं. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने हिवतापावर छिंगहाव नावाची वनस्पती सांगितली होती : मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. त्यात उकळणं नव्हतं. चिनी शास्त्रज्ञ श्रीमती तू यूयू यांनी हा मजकूर वाचला आणि उष्णतेने गुण जात असेल हे ताडलं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध मिळालं आणि २०१५ साली त्यांना नोबेल. तेव्हा पद्धत आपलीच का, याचं उत्तर : नाही. पाला सगळेच वापरत आले. ज्यांनी कृती जपून ठेवली त्यांचा पाला पुढे औषध झाला.

आता ओळखीचं. अडुळशाची पानं समोरासमोर येतात, भाल्यासारखी लांबट, कडा सरळ. पांढरी, जांभळट रेघांची फुलं थंडीत येतात, म्हणजे आत्ता तुला ती दिसणार नाहीत. आजीला ओळख आहे म्हणून ठीक. तू एकटीने तोडू नकोस. गुळवेलीचं काय झालं ते ठाऊक असू दे. करोनाच्या काळात लोक रोज गुळवेल घेऊ लागले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की आपली गुळवेल सुरक्षित, पण तिच्यासारखी दिसणारी टायनोस्पोरा क्रिस्पा ही वेल घातक. क्रिस्पाच्या खोडावर दाटीने गाठी असतात. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की ओळखीची वेलसुद्धा महिनोन्‌महिने रोज घेऊ नये, आणि यकृताचा त्रास असलेल्याने तर मुळीच नाही.

जर्मनीतही तेच. वसंतात लोक जंगलात बेअरलाउखची, म्हणजे रानलसणाची, पानं खुडायला जातात आणि चुकून लिली ऑफ द व्हॅली किंवा कॉल्चिकमची पानं आणतात. दोन्ही विषारी. "लसणासारखा वास आला की बेअरलाउख" हा नियम पहिल्या पानालाच लागू पडतो. नंतर हातालाच लसणाचा वास लागलेला असतो, मग प्रत्येक पान बेअरलाउखच वाटतं. देठ बघावा लागतो : बेअरलाउखच्या प्रत्येक पानाला स्वतःचा वेगळा देठ असतो.

ज्येष्ठमधाचंही आजोबांना सांग. इथली लाक्रिट्सची काळी गोळी त्याच मुळीची. घसा बसला तर एखादा दिवस कांडी चघळणं वेगळं, पण रोज चघळली तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. ते दाबाची गोळी घेतात.

काकूचं बाळ येईल तेव्हा घरात बाळगुटीचा विषय निघेलच. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांचे मोजून वेढे द्यायचे, ही गुटी. जायफळाचा एखादा वेढा जास्त झाला की बाळ गुंगीत पडून राहतं आणि घरच्यांना वाटतं छान झोपलंय. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको आणि वर्षभर मधाचं बोटही नको, मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. यात आजीचं मन दुखेल, पण मी डॉक्टरांच्याच बाजूचा आहे.

आणि तुझा खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप चढला, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढा बंद आणि थेट डॉक्टर.

आता माझं एक काम कर. १९९५ मध्ये हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आधीचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे, म्हणजे देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे, प्रमुख झाले. सीएसआयआरने जुने लेखी पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. "आमच्या आज्या लावायच्या" एवढ्यावर ते झालं नसतं. म्हणून एक वही कर. आजीची पाच पानं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव, ग्रॅम लिही. तिचा कप किती मिलिलिटरचा ते मोज. उकळायला लागल्यापासून आटेपर्यंत किती मिनिटं, तेही. एक फांदी रद्दीच्या कागदांत दाबून वर वजन ठेव, कागद रोज बदल, नाहीतर या हवेत बुरशी येते. बाजूला तारीख आणि "कोथरूड, सोसायटीचं कुंपण" असं लिही. आजी "अंदाजे" म्हणाली की तिथेच थांबव आणि पुन्हा मोजायला लाव.

तुझा,
बाबा