उणे पन्नास अंशांतला बर्फ वितळतो तरी कसा?

तुम्ही एका प्रश्नात तीन शंका विचारल्या आहेत. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात वर्षाची सरासरीच उणे ५० अंशांच्या आसपास असेल, तर एक-दोन अंशांच्या तापमानवाढीने तिथला बर्फ कसा वितळेल? २०१४ मध्ये तिथल्या समुद्री बर्फाने विक्रम केला होता, मग बर्फ कमी होतोय असं कशाच्या जोरावर म्हणायचं? आणि हिमनग तुटले की समुद्राची पातळी वाढते का?

पहिली शंका अगदी रास्त आहे. भूगोल शिकवताना ती मला जवळजवळ दर वर्षी कोणीतरी विचारतं आणि विचारणारा बहुधा वर्गातला नीट विचार करणारा विद्यार्थी असतो. दक्षिण ध्रुवावर ऐन उन्हाळ्यातही पारा उणे २५ ते ३० च्या घरात असतो. तिथला बर्फ उन्हाने वितळत नाही आणि तसा तो वितळतोय असं कोणी अभ्यासक म्हणतही नाही. या खंडाचं नुकसान होतंय ते कडेला, समुद्राच्या बाजूने, आणि मुख्यतः खालून. ते समजायचं तर थर्मामीटर थोडा वेळ बाजूला ठेवून बर्फाखालची जमीन बघावी लागते.

खंडाचं क्षेत्रफळ साधारण १.४ कोटी चौरस किलोमीटर. त्यातला ९८ टक्के भाग बर्फाखाली. बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आणि सर्वात जाड ठिकाणी ती पावणेपाच किलोमीटरपर्यंत जाते. हा सगळा बर्फ वितळला तर जगातल्या समुद्रांची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. हा आकडा बातम्यांत भीती घालायला वापरतात, पण त्यातला बहुतेक बर्फ पूर्व भागात आहे आणि तो लवकर कुठे जाणार नाही. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग साधारण ३,५०० किलोमीटर लांब आहे, तिने खंडाचे दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे तुकडे केले आहेत. पूर्व अंटार्क्टिका म्हणजे जुना, भक्कम खडक. एके काळी गोंडवन या महाखंडाचा भाग असलेला. त्याच्या बर्‍याच भागात बर्फ समुद्रसपाटीच्या वरच्या जमिनीवर बसला आहे. पश्चिम अंटार्क्टिकाची गोष्ट निराळी. तिथला बर्फ ज्या खडकावर टेकला आहे तो खडकच समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी अडीच किलोमीटर खाली. उद्या तिथला बर्फ उचलून बाजूला ठेवला तर खाली सलग जमीन दिसणार नाही, बेटांचा समूह आणि मधे खोल समुद्र दिसेल. रडार लावलेल्या विमानांनी वर्षानुवर्षं खंडावर फेर्‍या मारून हा बर्फाखालचा नकाशा तयार केला. माझ्या मते अंटार्क्टिकाविषयी माणसाने मिळवलेलं सर्वात मोलाचं ज्ञान हेच आहे, कारण पुढचं सगळं त्यावरून कळतं.

आता हवामान. उत्तर ध्रुवावर समुद्र आहे, दक्षिण ध्रुवावर २,८०० मीटर उंचीचं पठार आहे. म्हणून दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवाहून कितीतरी थंड असतो. शिवाय ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवतो, आणि खंडाभोवती अखंड फिरणारा सागरी प्रवाह उत्तरेकडचं कोमट पाणी दूर ठेवतो. रशियाच्या व्होस्टोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअसची नोंद झाली. जमिनीवरच्या हवामान केंद्राने नोंदवलेलं ते आजही सर्वात कमी तापमान आहे. आणि हे वाळवंट आहे, अगदी शब्दशः. आतल्या पठारावर वर्षाला पडणार्‍या हिमाचं पाणी केलं तर ते काही सेंटिमीटरच भरतं. पण पडलेलं हिम जात नाही, थरावर थर साठतो. पूर्वेकडच्या पठारावरच्या डोम सी इथे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलातून आठ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर काढता आली ती याचमुळे. त्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण १८० ते ३०० च्या मधे वरखाली होत राहिला. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे.

वरून हिम पडत राहतं तरी खंड उंच उंच का होत जात नाही? कारण बर्फ वाहतो. हातात घेतला तर कडक, पण किलोमीटरभर जाडीचा ढीग स्वतःच्या वजनाने डांबरासारखा हळूहळू पसरतो. पठाराच्या मध्यावर तो वर्षाला जेमतेम काही मीटर सरकतो, तर पश्चिम अंटार्क्टिकातली पाइन आयलंडसारखी हिमनदी किनार्‍यापाशी वर्षाला चार किलोमीटरहून अधिक धावते. खंडावर दर वर्षी सुमारे दोन हजार अब्ज टन हिम पडतं आणि साधारण तेवढाच बर्फ कडेने समुद्रात जातो. तेव्हा प्रश्न ‘बर्फ समुद्रात जातो का’ हा नाहीच. तो नेहमीच जात आला आहे. जमा आणि खर्च यांतला फरक किती, एवढंच बघायचं.

समुद्रात शिरलेला बर्फ लगेच तुटत नाही. काही अंतर तो जमिनीवर टेकून राहतो, मग एका रेषेपाशी जमीन सोडतो आणि पुढे तरंगत्या फलाटासारखा पसरतो. या फलाटाला आइस शेल्फ म्हणतात. रॉस आइस शेल्फ जवळपास फ्रान्सएवढी आहे. (भारताचा पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये अशाच तरंगत्या बर्फावर उभारला होता. काही वर्षांत तो हिमाखाली गाडला गेला आणि सोडावा लागला. पुढचा मैत्री तळ उघड्या खडकावर बांधला.) ही शेल्फ दोन्ही बाजूंच्या कड्यांना आणि समुद्रतळावरच्या उंचवट्यांना घासत असते. त्या घर्षणामुळे मागच्या हिमनदीचा वेग आवरला जातो. दाराला अडसर असतो ना, तसं तिचं काम.

या अडसराला खालून कोण पोखरतं, ते सांगतो. अंटार्क्टिकाभोवती पृष्ठभागावरचं पाणी गोठणबिंदूच्या जवळ, म्हणजे उणे १.९ अंशांच्या आसपास असतं. पण काही शे मीटर खाली जास्त खारट, म्हणून जड, असं पाणी असतं, आणि ते शून्याच्या वर एखादा अंश गरम असतं. ‘गरम’ हा शब्द ऐकून हसू येईल. पण दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू उतरतो. किलोमीटरभर खोलीवर खार्‍या पाण्यातला बर्फ उणे अडीच अंशांपाशीच वितळायला लागतो. म्हणजे तिथल्या बर्फाच्या दृष्टीने ते पाणी तीन-साडेतीन अंशांनी गरम असतं, आणि पाण्याची उष्णता वाहून आणण्याची ताकद हवेपेक्षा फार मोठी. हे खोल पाणी खंडाच्या उथळ कडेवर किती चढतं हे बरंचसं वार्‍यांवर ठरतं. पश्चिम अंटार्क्टिकाच्या किनार्‍याजवळच्या अमुंडसेन समुद्रात ते पूर्वीच्या हिमनद्यांनी कोरलेल्या दर्‍यांमधून थेट शेल्फच्या तळापर्यंत जाऊन पोहोचतं. त्या भागातले वारे गेल्या शतकात बदलले. त्यात निसर्गाच्या चढउतारांचा वाटा आहे आणि आपण सोडलेल्या वायूंचाही. वर पठारावर उणे पन्नास असताना खाली अंधारात बर्फ वितळत असतो, तो असा.

थ्वेट्स हिमनदी याच समुद्राला मिळते. तिचं रुंद तोंड सुमारे १२० किलोमीटरचं आहे, आणि तिच्यात साठलेला बर्फ समुद्र ६५ सेंटिमीटरने वाढवू शकतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिची जमिनीवर टेकण्याची रेषा जवळपास १४ किलोमीटर मागे सरकली आहे. यात खरा धोका उताराचा आहे. इथे तळाचा खडक समुद्राकडे उतरत नाही, खंडाच्या आत उतरत जातो. रेषा मागे सरकली की ती जास्त खोल जागी जाते, तिथे बर्फ जाड असतो, जाड बर्फ जास्त वेगाने वाहतो, त्यामुळे तो पातळ होऊन तरंगतो आणि रेषा आणखी मागे जाते. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःच स्वतःला ढकलतं. पश्चिम अंटार्क्टिकाच्या या दुबळेपणाविषयी हिमनद्यांचे अभ्यासक जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच इशारा दिला होता. उपग्रहांची मापं हाताशी नसताना त्यांनी हे ओळखलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

वरून वितळणारा भागही एक आहे, तो म्हणजे दक्षिण अमेरिकेकडे गेलेला अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा चिंचोळा पट्टा. तिथल्या एस्परांझा तळावर ६ फेब्रुवारी २०२० रोजी १८.३ अंश तापमान नोंदलं गेलं. २००२ च्या उन्हाळ्यात तिथल्या लार्सन बी शेल्फवर वितळलेल्या पाण्याची तळी साचली. ते पाणी भेगांमध्ये उतरलं, त्या भेगा खोल खोल चिरत गेल्या, आणि सव्वातीन हजार चौरस किलोमीटरचा, २०० मीटरहून जाड फलाट महिनाभरात चुरा होऊन वाहून गेला.

तुमच्या हिमनगाच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. तरंगता बर्फ आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. त्यामुळे लार्सन बी फुटल्याने समुद्र वाढला नाही म्हटलं तरी चालेल. पण अडसर निघाल्यावर तिच्या मागच्या काही हिमनद्यांचा वेग आठपटींपर्यंत वाढला. तो बर्फ जमिनीवरचा होता, आणि त्याने मात्र समुद्र वाढतो. २०१७ मध्ये द्वीपकल्पावरच्याच लार्सन सी या दुसर्‍या शेल्फमधून ए-६८ हा सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पण मागच्या हिमनद्यांच्या वेगात विशेष फरक पडला नाही. निव्वळ आकार मोठा म्हणून घाबरण्यात अर्थ नसतो.

समुद्री बर्फाचं गणित आणखी वेगळं. तो समुद्राचंच पाणी गोठून होतो, जाडी बहुतेक एक-दोन मीटर, आणि दर वर्षी येतो-जातो. फेब्रुवारीत साधारण ३० लाख, सप्टेंबरमध्ये १.८५ कोटी चौरस किलोमीटर, एवढा मोठा त्याचा श्वासोच्छ्वास. २०१४ मध्ये त्याने दोन कोटींचा आकडा ओलांडला हे खरं. पण त्याच वर्षांत जमिनीवरचा बर्फ घटत होता. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, कारण ते दोन निरनिराळे बर्फ आहेत. शिवाय २०१६ पासून समुद्री बर्फाचं चित्रही पालटलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाखांच्या खाली गेला आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो १.७ कोटींच्या आतच थांबला, आधीच्या नीचांकापेक्षा साधारण दहा लाखांनी कमी. त्याआधी, २०२२ मध्ये, द्वीपकल्पाच्या पश्चिमेच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत एम्परर पेंग्विनची पिल्लं जगली नाहीत. पिसं जलरोधक व्हायच्या आतच त्यांच्या पायाखालचा बर्फ गेला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही करू शकलो नव्हतो.

जमिनीवरचा बर्फ घटतोय हे कळतं कसं? २००२ पासून ग्रेस या जोडीने फिरणार्‍या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपून अक्षरशः खंडाचं वजन केलं आहे. त्यानुसार पहिल्या दोन दशकांत अंटार्क्टिका वर्षाला सरासरी १५० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावत होती. साधारण ३६० अब्ज टन म्हणजे समुद्राचा एक मिलिमीटर. मधे एक-दोन वर्षं भरपूर हिम पडल्यामुळे हा ताळेबंद जमेकडेही झुकला. तेही सांगायला हवं, नाहीतर उद्या कोणी तेवढंच दाखवून सगळं खोटं ठरवेल. गरम हवा जास्त बाष्प धरते, तेव्हा हिम वाढणं अपेक्षितच होतं. पण त्याच काळात थ्वेट्स आणि पाइन आयलंडचा खर्च थांबला नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एवढा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सैल होते. मग अंटार्क्टिकाजवळ समुद्र उतरतो आणि दूर, विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे, तो सरासरीपेक्षा जास्त चढतो. म्हणजे पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाचा हिशेब पृथ्वीच्या दुसर्‍या टोकाला चुकवावा लागतो.

पूर्व भाग भक्कम म्हटलं, पण सगळा नाही. टॉटन हिमनदीच्या मागे समुद्रसपाटीखालचं मोठं खोरं आहे आणि तिच्याखालीही कोमट पाणी पोहोचलेलं आढळलं आहे. मार्च २०२२ मध्ये बाष्पाचा एक लांबलचक पट्टा खंडात घुसला, तेव्हा डोम सी वर पारा नेहमीपेक्षा जवळपास ४० अंशांनी चढून उणे १२ पर्यंत आला. त्याच महिन्यात पूर्व किनार्‍यावरची छोटी काँगर आइस शेल्फ कोसळली.

थ्वेट्सची पूर्वेकडची शेल्फ समुद्राकडच्या टोकाला पाण्याखालच्या एका उंचवट्यावर अडून उभी आहे. त्या उंचवट्यावरची तिची पकड ढिली होत चालली आहे आणि तिच्यात भेगा वाढताना उपग्रहांना दिसत आहेत. तुम्हाला अंटार्क्टिकाची एकच बातमी नियमित बघायची असेल तर हिमनगांच्या मागे न लागता या शेल्फकडे बघा. मी अनेक वर्षं तेच करतो आहे.