शब्दचर्चा : 'ऑरेंज' कुणाचे आणि संत्रा कुठला?

गेल्या अंकातील एका उत्तरात 'ऑरेंज हा इंग्रजी शब्द आपल्या नारंगाचाच वंशज आहे' असे एक वाक्य मी जाता जाता लिहून गेलो होतो. नागपुरात बसून संत्र्याविषयी असे मोघम वाक्य सोडून देणे किती महागात पडते, ते त्यानंतर आलेल्या पत्रांवरून समजले. म्हणून या वेळी इतर शब्द बाजूला ठेवून सगळी जागा त्या एकाच शब्दाला दिली आहे.

प्रश्न : 'ऑरेंज हा शब्द संस्कृत नागरंगापासून आला आणि नागरंग म्हणजे नागांच्या भूमीतले, अर्थात नागपूरचे फळ' असा एक संदेश मला मोबाईलवर आला. आपल्या वाक्यामुळे विश्वास वाटून मी तो जुन्या सहकाऱ्यांना पुढे पाठवला. आता नात विचारते आहे, की मग त्यातला 'न' कुठे गेला? तिला काय सांगू?
— एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर

उत्तर : संदेश अर्धा खरा आहे, आणि त्यातला जो अर्धा खोटा आहे तो नेमका आपल्या गावाचा आहे. 'नागरंग' हा शब्द अमरकोश या हजाराहून अधिक वर्षे जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या वनौषधिवर्गात 'ऐरावत' या नावाच्या शेजारीच येतो. नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवले ते अठराव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याचे नाव नाग नदीवरून पडले असे मानले जाते. संत्र्याची लागवड तर त्याहूनही उशिराची. ती रोपे रघूजी भोसले दुसरे यांनी त्या वेळच्या औरंगाबादहून आणवली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे शब्द आधीचा, शहर नंतरचे आणि शहरातला संत्रा सर्वांत शेवटचा. दोन नावांत 'नाग' ही दोन अक्षरे सारखी आली म्हणून नाते जोडायचे ठरवले, तर नागपंचमी आणि नागरमोथा यांनाही आपल्या सोयऱ्यांत घ्यावे लागेल.

आता खरा अर्धा भाग. संस्कृतात याच फळाला 'नारंग'ही म्हणतात. तो शब्द फारसीत गेला आणि अरबीत 'नारंज' झाला. अरबांनी साधारणपणे दहाव्या शतकाच्या सुमारास हे झाड भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेले, आणि झाडाबरोबर त्याचे नावही गेले. हे फळ मात्र आपण सोलून खातो ते नव्हते. ते आंबट-कडू, लोणच्या-मुरंब्याच्या कामाचे फळ होते. स्पॅनिश भाषेत आजही 'नारांखा' म्हणतात, हंगेरीत 'नारांच' म्हणतात, आणि पोर्तुगिजांनी 'न'चा 'ल' करून 'लारांजा' केले. या सगळ्यांच्या तोंडी पहिले व्यंजन टिकून राहिले. इटलीत 'अरांचा' आणि फ्रान्समध्ये 'ओरेंज' झाले, ते व्यंजन तेथे गळाले.

ते गळण्याचे कारण आपल्या नातीला सहज पटेल असे आहे. त्या भाषांत नामाच्या आधी 'एक' या अर्थाचा शब्द लागतो आणि त्याच्या शेवटी 'न' असतो. 'उन नोरेंज' असे भराभर म्हटले की ऐकणाऱ्याला एकच 'न' ऐकू येतो, आणि तो पहिल्या शब्दाचा की दुसऱ्याचा हे कानाला कळत नाही. फ्रेंच माणसाने तो पहिल्या शब्दाला देऊन टाकला. उरलेल्या शब्दाच्या आरंभी 'अ'ऐवजी 'ओ' का आला, याचे कारणही फ्रेंचमध्येच आहे : त्या भाषेत सोन्याला 'ओर' म्हणतात, आणि सोनेरी फळाच्या नावात सोने ऐकू येऊ लागले की जिभेला दुसरे काही नको असते. पंडितांनी लॅटिनमध्येही त्याला सोन्याच्या 'आउरुम'वरून 'आउरांतियुम' असे भारदस्त रूप दिले.

पुष्कळ ठिकाणी असे वाचायला मिळते, की इंग्रजीत आधी 'अ नॉरेंज' होते आणि त्याचे 'ॲन ऑरेंज' झाले. ते बरोबर नाही. इंग्रजीला हा शब्द चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचकडून मिळाला, तेव्हाच त्याचा 'न' गेलेला होता. इंग्रजांनी अशी मोडतोड स्वतः केली ती इतर शब्दांत. 'ॲप्रन' पूर्वी 'नॅप्रन' होता. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर बोट वर करणारा 'अंपायर'ही मूळचा 'न'काराने सुरू होणारा शब्द आहे. उलट 'निकनेम'मध्ये मुळात 'न' नव्हताच. तो आधीच्या 'ॲन'कडून चिकटला.

माझ्या गेल्या अंकातील वाक्यात आणखी एक घाई झाली, ती येथेच कबूल करतो. 'आपल्या नारंगाचा वंशज' असे लिहिताना संस्कृत हा उगम आहे असे मी सुचवले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते संस्कृतनेही हा शब्द दक्षिणेकडील द्राविड भाषांमधून उचलला. मल्याळममध्ये 'नारङ्ङ' आज लिंबालाही म्हणतात, तमिळमध्ये 'नार्त्तंगाय' हे याच कुळातील आंबट फळ आहे, आणि तेलुगूत 'नारिंज' आहे. तेव्हा सहकाऱ्यांना दुरुस्तीचा संदेश पाठवणार असाल, तर त्यात अभिमानाचा वाटा थोडा दक्षिणेलाही द्यावा.

प्रश्न : आमच्याकडे आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा, माल असतो. बाहेरच्या एका व्यापाऱ्याने पेट्यांवर 'ऑरेंज' न लिहिता 'मँडरिन' लिहा असे सांगितले. आमच्या तीन पिढ्या ऑरेंज विकत आल्या. आमचे फळ ऑरेंज नाही काय?
— एक बागायतदार, काटोल

उत्तर : आपल्याला वाईट वाटेल, पण व्यापारी चुकलेला नाही. काटेकोर इंग्रजीत ज्याला गोड ऑरेंज म्हणतात त्याची साल गराला घट्ट चिकटलेली असते आणि ते कापून किंवा पिळून खावे लागते. त्या जातीतले आपल्याकडचे फळ म्हणजे मोसंबी, जिचे नाव मोझांबिकवरून आले असे मानतात. सैल सालीचा, नखाने सोलता येणारा, फोडी आपोआप सुटणारा आपला संत्रा वनस्पतिशास्त्रात 'सिट्रस रेटिक्युलाटा' आहे, आणि त्या फळाचे इंग्रजी नाव मँडरिन. नागपुरातील लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेतही 'नागपूर मँडरिन' असेच लिहितात. वंशावळीच्या दृष्टीने मात्र आपण निश्चिंत असावे : गोड ऑरेंज ही मँडरिन आणि पपनस यांच्या संकरातून झालेली जात आहे. म्हणजे मोसंबीच्या घराण्यात संत्र्याचे कुळ वाडवडिलांच्या जागी बसते.

दुसरे समाधान शब्दाचे आहे. 'मँडरिन' म्हणजे मूळचा चिनी दरबारातील अधिकारी. पोर्तुगिजांनी हा शब्द मलाय भाषेतील 'मंतेरी'वरून घेतला आणि 'मंतेरी' म्हणजे संस्कृतातील 'मंत्रिन्', आपला मंत्री. नारंगाला निदान पाच-सहा घरे फिरून ऑरेंज व्हावे लागले. मंत्र्याला तीनच लागली. तेव्हा पेटीवर ऑरेंज लिहिले काय किंवा मँडरिन लिहिले काय, दोन्ही शब्दांच्या मुळाशी भारतच आहे. २०१४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन 'नागपूर ऑरेंज' या नावाने आहे, हेही त्या व्यापाऱ्याला अवश्य सांगावे. रोजच्या इंग्रजीत ऑरेंज या शब्दाची व्याप्ती पुरेशी सैल आहे; काटेकोरपणा लागतो तो सौद्याच्या कागदावर.

प्रश्न : 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून आला असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. ते खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, धंतोली

उत्तर : ही व्युत्पत्ती जुनी आणि लोकप्रिय आहे, कारण ऐकताक्षणी पटते. परंतु बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची नोंद केली, तेव्हा नारंज वेगळे आणि 'संगतरा' वेगळे असे लिहिले आहे. बाबर १५३० मध्ये वारला. पोर्तुगीज या किनाऱ्यावर पोहोचले ते १४९८ मध्ये. अवघ्या तीस वर्षांत एखाद्या पोर्तुगीज गावाचे नाव उत्तरेतील बागांपर्यंत जाऊन, तिथे फारसी वळण घेऊन रुळले असेल, हे मला तरी मान्य होत नाही. पोर्तुगिजांचा खरा ठसा दुसरीकडे पाहावा. गोड जातीचे फळ त्यांच्या जहाजांनी पश्चिमेत सर्वदूर पोचवले, म्हणून तुर्कीत त्याला 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली' आणि इराणात 'पोर्तेगाल' म्हणतात. ज्या फारसी भाषेने नारंग जगाला दिला, तिच्यात 'नारेंज' आता फक्त आंबट फळासाठी उरला आहे. डच लोक याच फळाला 'चीनचे सफरचंद' म्हणतात, आणि तेही खोटे नाही.

प्रश्न : डच फुटबॉल संघाचा नारिंगी गणवेश फळावरून आहे का? आणि आपल्या मेट्रोच्या 'ऑरेंज लाइन'ला मराठीत काय म्हणावे?
— एक वाचक, खापरी

उत्तर : गणवेश फळावरून नाही, निदान सरळ तरी नाही. दक्षिण फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचे गाव आहे. रोमन काळी त्याचे नाव 'अराउसियो' होते आणि ते एका केल्टिक जलदेवतेवरून पडलेले. उच्चार झिजत झिजत तो शब्द फळाच्या नावासारखा ऐकू येऊ लागला. ते संस्थान १५४४ मध्ये नासाऊ घराण्यातील विल्यमकडे वारशाने आले, त्याच्या वंशजांनी नेदरलँड्सवर राज्य केले, आणि नावाच्या साधर्म्यामुळे फळाचा रंग त्या घराण्याचा रंग झाला. त्याच घराण्यातील तिसरा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला आणि म्हणून आयर्लंडच्या झेंड्यातील एक पट्टा याच रंगाचा आहे. गाजरे त्या राजघराण्याच्या सन्मानार्थ नारिंगी केली गेली, ही कथा मात्र फारशा पुराव्याविना सांगितली जाते.

इंग्रजीत रंगाचा अर्थ फळाच्या नंतर, सोळाव्या शतकात आला. तोपर्यंत तो रंग त्यांना 'पिवळा-तांबडा' असा जोडून सांगावा लागे, किंवा सरळ तांबड्यात ढकलावा लागे. रॉबिन नावाच्या छोट्या पक्ष्याची छाती चक्क नारिंगी असताना इंग्रज तिला तांबडी म्हणतात, ते यामुळेच. आपल्याकडे शेंदरी, केशरी, भगवा आणि नारिंगी असे चार शब्द हजर आहेत आणि चौघांच्या छटा वेगळ्या आहेत. मेट्रोच्या मार्गासाठी मला 'नारिंगी मार्गिका' योग्य वाटते. 'केशरी' अधिक गोड लागतो, पण तो दुधाचा किंवा श्रीखंडाचा रंग आहे.

प्रश्न : पुण्याची भाची 'संत्रं' म्हणते, आम्ही 'संत्रा' म्हणतो. शुद्ध काय?
— एक वाचिका, महाल

उत्तर : दोन्ही. तिच्याकडे ते नपुंसकलिंगी असून अनेकवचन 'संत्री' होते, आपल्याकडे पुल्लिंगी असून 'संत्रे' होते. ती नागपूरला आली की संत्रा मार्केटमध्ये तिच्या 'एक डझन संत्री द्या'ला विक्रेता अडणार नाही. मात्र भाव करताना तुम्ही सोबत असलेले बरे.