तपकिरी मेद : पेशीची ओळख कोण ठरवते?

प्रश्न : शरीरातील तपकिरी चरबी ऊर्जा साठवण्याऐवजी जाळते आणि तिचे नाते स्नायूंच्या पेशींशी आहे, असे वाचनात आले. तपकिरी चरबी तयार करणारे एखादे स्वतंत्र जनुक असते काय? असल्यास ते जागे करून लठ्ठपणावर उपाय करता येईल काय?

उत्तर : मेदपेशी चरबी साठवणारी पांढरी असो की ती जाळणारी तपकिरी, तिच्याजवळचा जनुकांचा संच एकच असतो. फरक पडतो तो त्यांपैकी कोणती जनुके वाचली जातात आणि कोणती मिटलेली राहतात यामुळे. त्यामुळे ‘तपकिरी चरबीचे जनुक’ कोणते, यापेक्षा हे वाचन कोण ठरवते, असा प्रश्न विचारल्यावरच संशोधन पुढे सरकले.

उष्णता निर्माण करण्याचे प्रत्यक्ष काम यूसीपी-१ नावाचे प्रथिन करते. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या ऊर्जेने मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रे, आपल्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलतात आणि ते ठरलेल्या वाटेने परत येत असताना एटीपी हे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारे रसायन तयार होते. यूसीपी-१ या प्रोटॉनना परतीची दुसरी वाट उघडून देते, त्यामुळे एटीपी तयार न होता ती ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. नवजात बालकाला प्रौढांप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही, तेव्हा त्याच्या पाठीवरील तपकिरी मेद हेच काम करतो. डुकरांच्या पूर्वजांमध्ये सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी यूसीपी-१ च्या एकाच जनुकाचा काही भाग नष्ट झाला आणि आजही डुकरांची पिल्ले थंडीत कुडकुडूनच ऊब मिळवतात. मात्र यूसीपी-१ हे तयार पेशीच्या हातातील साधन आहे. ती पेशी तपकिरी व्हावी की नाही, हा निर्णय त्याच्या बराच आधी घेतला जातो.

त्या निर्णयाचा धागा अमेरिकेतील ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तेथील पॅट्रिक सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पीआरडीएम-१६ हे प्रथिन तपकिरी मेदाच्या जडणघडणीत निर्णायक असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी आलेला निष्कर्ष मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण वाटतो. उंदरांमधील तपकिरी मेदाच्या पूर्वपेशींतून पीआरडीएम-१६ कमी केले, तेव्हा त्या पांढऱ्या मेदाकडे न वळता स्नायूंच्या पेशींसारख्या घडू लागल्या. उलट, स्नायू होऊ घातलेल्या पेशींमध्ये तेच प्रथिन घातले, तेव्हा त्या तपकिरी मेदपेशी झाल्या. गर्भावस्थेत मायएफ-५ हे जनुक वाचणाऱ्या पूर्वपेशींपासून हाडांना जोडलेले स्नायूही घडतात आणि पाठीवरचा तपकिरी मेदही घडतो. आपण वाचलेले स्नायूंशी असलेले नाते ते हेच. दोघांची कामे पाहिली तर ते समजण्यासारखेही आहे, कारण भरपूर मायटोकॉन्ड्रिया बाळगणे आणि इंधन जाळणे हा दोघांचाही स्वभाव आहे.

पीआरडीएम-१६ एकट्याने काही साधत नाही. सी/ईबीपी-बीटा या प्रथिनाशी त्याची जोडी जमली की त्वचेतील साध्या पेशीही प्रयोगशाळेत तपकिरी मेदपेशींसारख्या घडवता येतात, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. कोणत्याही मेदपेशीच्या घडणीला लागणारे पीपीएआर-गॅमा हे प्रथिन पांढऱ्या आणि तपकिरी दोन्ही पेशींत असते; ईबीएफ-२ हे प्रथिन त्याला तपकिरी मेदाच्या विशिष्ट जनुकांपाशी नेऊन बसवते. ईएचएमटी-१ हे विकर (एन्झाइम) पीआरडीएम-१६ च्या सोबतीने राहते आणि ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांवर रासायनिक खुणा करून स्नायूंची जनुके मिटवून ठेवते. हे विकर काढून घेतल्यास तपकिरी पेशीत स्नायूंची लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. म्हणजे तपकिरी होण्यासाठी काही जनुके उघडावी लागतात आणि काही सतत बंदही ठेवावी लागतात. पेशीची ओळख एकदा ठरली की कायमची टिकते, असे येथे होत नाही. पुढील प्रयोगांत असेही दिसले की उंदरांच्या गर्भात पीआरडीएम-१६ नसले, तर त्याच्याच कुळातील पीआरडीएम-३ काम सांभाळून नेते आणि तपकिरी मेद घडतो. पण वय वाढते तशी त्याची ओळख पुसट होत जाते. घडणे आणि टिकणे यांमागची यंत्रणा पूर्णपणे सारखी नाही, हा त्याचा अर्थ.

याशिवाय पांढऱ्या मेदाच्या साठ्यांत विखुरलेल्या फिकट तपकिरी, म्हणजे ‘बेज’, पेशींचा तिसरा प्रकार आहे. त्या बहुतांशी वेगळ्या पूर्वपेशींपासून येतात आणि थंडीसारख्या निमित्ताने यूसीपी-१ तयार करू लागतात. लठ्ठपणाशी जनुकांचा जो संबंध लागतो, तो याच पेशींपाशी स्पष्ट होतो. एफटीओ जनुकाच्या परिसरातील काही बदल वजनाशी निगडित असल्याचे २००७ मध्ये कळले होते. आईवडील दोघांकडूनही हा बदल मिळालेल्या प्रौढांचे वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोने अधिक आढळले. कारण २०१५ मध्ये उलगडले. डीएनएतील एका अक्षराच्या जागी दुसरे आल्यामुळे एआरआयडी-५बी या प्रथिनाला तेथे बसता येत नाही, त्याचा अंकुश सुटतो, दूरवरची आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ ही जनुके अधिक वाचली जातात आणि पूर्वपेशी बेज होण्याऐवजी पांढऱ्या होतात. दोष एफटीओच्या हद्दीत आणि परिणाम भलत्याच जनुकांवर, असा हा प्रकार असल्याने उत्तर मिळायला ८ वर्षे लागली. माणसाच्या पेशींत ते एक अक्षर प्रयोगशाळेत दुरुस्त केल्यावर त्यांची उष्णता निर्माण करण्याची क्षमता परत आली.

यावरून उपचार हाताशी आला, असे मानणे मात्र घाईचे ठरेल. बशीतील पेशी दुरुस्त करणे आणि प्रौढ शरीरातील मेदपेशींपर्यंत तोच बदल सुरक्षितपणे पोचवणे यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय ऊर्जा उष्णतेत उधळण्याचा बेसावध प्रयत्न पूर्वी एकदा झालेला आहे. डायनायट्रोफेनॉल हे रसायन १९३० च्या दशकात वजन घटवण्यासाठी दिले जात असे. ते केवळ मेदात नव्हे, तर सर्वच पेशींत प्रोटॉनना आडवाट देते. त्यामुळे शरीराचे तापमान आवाक्याबाहेर जाऊन रुग्ण दगावले. तपकिरी पेशीचे मोल यासाठी आहे की ती हेच काम स्वतःच्या हद्दीत आणि मज्जासंस्थेच्या ताब्यात राहून करते.

प्रश्न : थंडीत राहिल्याने तपकिरी चरबी वाढते असे म्हणतात. मग यात जनुकांचे काय काम?

उत्तर : थंडीचा परिणाम जनुकांमार्फतच होतो. थंडी जाणवताच मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्रवते आणि त्याचा संदेश मेदपेशीत पोचतो. काही क्षणांतच साठवलेल्या चरबीतून मेदाम्ले सुटून यूसीपी-१ कामाला लागते. पुढील तासांत पीजीसी-१ अल्फा हे १९९८ मध्ये सापडलेले प्रथिन वाढते, यूसीपी-१ चे जनुक जोरात वाचले जाते आणि नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होऊ लागतात.

प्रौढ माणसात सक्रिय तपकिरी मेद असल्याचे २००९ मध्ये तीन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले. तो मुख्यतः मानेत, गळ्याच्या हाडाच्या वर आणि कण्यालगत आढळतो. सलग १० दिवस, दिवसातील ६ तासांपर्यंत १५ ते १६ अंश सेल्सिअस तापमानात राहिलेल्या स्वयंसेवकांमध्ये त्याची क्रियाशीलता वाढल्याचेही नोंदले गेले आहे. वजन घटवण्याचा उपाय म्हणून मात्र त्याकडे पाहू नये, कारण थंडीत भूकही वाढू शकते. आणि हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा प्रयोग मुळीच करू नये. उंदरांमध्ये पुन्हा ऊब मिळाल्यावर अनेक बेज पेशी काही आठवड्यांत पांढऱ्या दिसू लागतात, आणि थंडी परतली की त्यांतल्याच काही पुन्हा बेज होतात.