परदेशी दुकानाने पैसे अडवले तर

प्रश्न : मी जर्मनीत राहते. स्पेनच्या ऑनलाइन दुकानातून आलेले बूट आठव्या दिवशी ईमेलने कळवून परत पाठवले. महिना झाला, पैसे नाहीत. वकील करावा का?

उत्तर : एवढ्यात नको. युरोपीय संघात अशी खरेदी माल हाती आल्यापासून १४ दिवसांत विनाकारणही रद्द करता येते. कळवल्यापासून १४ दिवसांत दुकानाने साध्या डिलिव्हरीच्या खर्चासह पैसे द्यायचे. माल किंवा तो पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंतच ते थांबू शकतात. बहुतेकदा घोडं इथेच अडतं, म्हणून कुरिअरची पावती जपा. आधी दुकानाकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही, तर ऑर्डर, पावती, ईमेल जर्मनीतल्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे पाठवा. ते स्पेनच्या केंद्रामार्फत विनामूल्य पाठपुरावा करतं. सक्ती मात्र करू शकत नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकही, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत, लगेच मागा; त्याला मुदत असते.