द बर्ड्‌स या अमेरिकन बँडचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?
१९६५च्या 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन'पासूनच सुरुवात करा. बँडचा गायक-गिटारवादक रॉजर मॅग्विन याच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारची ती किणकिण एकदा कानात बसली की पुढची वाट सापडते. 'फिफ्थ डायमेन्शन'मधलं 'एट माइल्स हाय' (१९६६) मात्र शांतपणे, हेडफोन लावून ऐका. त्या काळात ही मंडळी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि आपले पंडित रविशंकर यांच्या रेकॉर्ड्‌स अक्षरशः घोटत होती, आणि ते गिटारच्या सुरुवातीच्या तुकड्यातच कळतं.

मग 'यंगर दॅन यस्टरडे', आणि १९६८च्या जानेवारीतला 'द नटोरियस बर्ड ब्रदर्स'. माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. त्याच वर्षी गायक-गीतकार ग्रॅम पार्सन्स बँडमध्ये आला आणि 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' निघाला: पेडल स्टील गिटार, बँजो, अस्सल कंट्री, म्हणजे अमेरिकेचं ग्रामीण वळणाचं संगीत! तेव्हा तो फारसा खपला नाही, पण कंट्री रॉकची वाट त्यानेच रुंद केली. पहिल्यांदा परका वाटेल, तरी सोडू नका.

नंतरच्यांपैकी 'अनटायटल्ड' (१९७०) जरूर ऐका, क्लॅरेन्स व्हाइटच्या गिटारसाठी. १९७३चा शेवटचा अल्बम राहिला तरी चालेल.