मेडिकलच्या ॲडमिशनचे आकडे कसे मागायचे?

प्रश्न: मुलगी यंदा नीट देतेय. एका सरकारी मेडिकल कॉलेजात कॅटेगरीप्रमाणे शेवटची सीट किती मार्कांवर गेली ते विचारायला गेले तर ऑफिसवाले म्हणाले, असं कुणालाही देत नाही. काय करू? – एक आई, लातूर

उत्तर: ताई, देत नाही म्हणजे काय, हक्क आहे तुमचा! आधी सीईटी सेलच्या, म्हणजे राज्यातल्या ॲडमिशन बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या साइटवर राउंडप्रमाणे सिलेक्शन लिस्ट बघा, ८५ टक्के स्टेट कोट्याचं बरंचसं तिथेच सापडतं, उरलेल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्याचं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे. तरी कमी पडलं तर कॉलेजच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि माहिती कशाला हवीय ते सांगायची गरज नाही. फक्त आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात, म्हणून 'सगळी माहिती द्या' असं मोघम नको, वर्ष, राउंड, कॅटेगरी, शेवटचे मार्क असं नेमकं लिहा. मुलांची नावं मागू नका, अर्ज तिथेच अडकतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. पोच मात्र जपून ठेवा हं.